वाट्यावरचा बोंबील

मस्कतच्या त्या हॉटेलात दोन देशांचा तह होत होता, आणि त्या दोन्ही देशांची माणसं शेजारच्या खोलीत कॅरम खेळत बसली होती.

दुसरं करणार तरी काय? बोलणी यंत्रं करत होती. आपल्या बाजूच्या यंत्राचं सरकारी नाव चांगलं दीड ओळीचं होतं, पण मंत्रालयात त्याला सगळे नुसतं 'वकील' म्हणत. पेशव्यांच्या काळी परदरबारात आपली बाजू मांडायला जो जाई तो वकील. कुणा रसिक अधिकाऱ्यानं ते जुनं नाव नव्या यंत्राला दिलं आणि ते चिकटलं. समोरच्या देशाच्या यंत्राचं नाव 'सफीर', म्हणजे त्यांच्या भाषेत राजदूत. वकील आणि सफीर एकमेकांना क्षणाक्षणाला शेकडो प्रस्ताव देत, फेटाळत, पुन्हा मांडत, आणि त्यातला एक शब्दही माणसाच्या कानावर पडत नसे. भिंतीवरच्या पडद्यावर कलमांची नावं ओळीनं दिसत. वाद चालू असला की पिवळी, मिटला की हिरवी. एखादं हिरवं झालं की खोलीतली माणसं मान वर करून बघत आणि पुन्हा सोंगट्या लावत.

हेमांगी तांडेल कॅरमला बरी होती. तिचा जोडीदार होता अय्याज, समोरच्या देशाचा अधिकारी. दोन देशांमधून विस्तव जात नव्हता, पण हे दोघं मिळून दोन्हीकडच्या बाबूलोकांना सपाटून हरवत होते. दोघं एका वर्गात शिकलेले, दोघांची नोकरी एकच आणि पदनामही एकच: हस्ताक्षर अधिकारी.

हे पद नवीन होतं. यंत्रांनी केलेल्या पहिल्या काही तहांनंतर जगभर ओरड झाली, की उद्या युद्ध पेटलं तर जाब कुणाला विचारायचा? तेव्हा सगळ्या देशांनी मिळून एक संकेत ठरवला. यंत्रं हवं ते ठरवोत, शेवटची सही माणसाची हवी. तीही कुण्या अडाण्याची नको, यंत्र कसं विचार करतं आणि तह कसा बांधतात हे दोन्ही कळणाऱ्याची हवी. अशी माणसं मिळणार कुठून? मग नैरोबीत एक विद्यापीठ उभं राहिलं आणि तिथं 'तंत्रराजनय' या विषयाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी सुरू झाली. पालघरच्या किनाऱ्यावरच्या नांदखार गावातून त्या पदवीला गेलेली पहिली मुलगी म्हणजे हेमांगी. अजून तरी शेवटचीही तीच.

गावात कुणी विचारलं की तिची आई सांगे, "सही करायची नोकरी हाय तिची." ऐकणाऱ्याला वाटे, तलाठी झाली असेल. हेमांगीनं सुरुवातीला ते समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. आईचं वर्णन तसं चूक नव्हतंच.

पडद्यावरची सगळी कलमं तिच्या कामाची होती, पण तिचा जीव अडकला होता तो एकाच कलमात: कैद्यांची सुटका. तिचा थोरला भाऊ हरेश्वर चार वर्षांपूर्वी सागरी हद्द ओलांडली म्हणून पकडला गेला होता. बोट जप्त झाली आणि बोट हाकणारा तांडेल, खलाशी सगळे पलीकडच्या तुरुंगात गेले. त्याच्यासारखे किनाऱ्यावरचे कितीतरी जण तिकडे होते, आणि त्यांच्याकडचे तितकेच आपल्याकडे. हेमांगीनं हे काही लपवून ठेवलं नव्हतं. नेमणुकीच्या वेळीच तिनं सहसचिव नलिनी सप्रे यांना सांगितलं होतं, की माझा भाऊ तिकडे आहे, मला या कामावर घेऊ नका. सप्रे बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं होतं. "म्हणूनच घेतेय. ज्याचं जळतं त्याला कळतं," त्या म्हणाल्या होत्या.

दुपारच्या चहापूर्वी ते कलम हिरवं झालं. हेमांगीच्या हातातला स्ट्रायकर तसाच राहिला. अय्याजनं तिच्या खांद्यावर थोपटलं. सप्रे बाई, ज्यांना हसताना कुणी फारसं पाहिलं नव्हतं, त्यांनी सगळ्यांसाठी खजुराचा हलवा मागवला. थोड्या वेळानं उरलेली कलमंही हिरवी झाली. समुद्राखालच्या तारा, बंदरं, वायूची वाहिनी, सगळं जमलं. चाळीस वर्षांत जे माणसांना जमलं नाही ते यंत्रांनी आठवडाभरात केलं होतं. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. हेमांगी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली, तोंड धुऊन बाहेर आली आणि आपलं खरं काम करायला बसली. म्हणजे तह वाचायला.

समुद्रावरच्या गस्तीचं कलम तिला पाठ होतं, कारण त्याचा पहिला खर्डा तिच्याच डोळ्यांखालून गेला होता. हद्दीच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा असेल आणि त्यात बिनमाणसांच्या गस्ती नौका फिरतील. प्रत्येक मच्छीमार बोटीवर एक ओळखडबा असतोच, बोट कुणाची, कुठली, हे तो सतत सांगत राहतो. ज्या बोटीचा डबा मुका असेल ती पट्ट्यात दिसली तर गस्ती नौका आधी हाक मारेल, मग चाळीस मिनिटं थांबेल, आणि तरीही बोट हलली नाही तर तिच्या इंजिनावर गोळी झाडेल. चाळीस हा आकडा हेमांगीनंच धरून ठेवला होता. पाण्यात टाकलेलं जाळं ओढून आत घ्यायला तेवढा वेळ लागतोच. जाळं पाण्यात असताना बोट हलवता येत नाही.

अंतिम मसुद्यात चाळीसच्या जागी पंधरा होते.

तिला वाटलं आपण चुकीची प्रत उघडली. तिनं पुन्हा बघितलं. मग ती वकिलाच्या खोलीत गेली. खोली म्हणजे काय, एक टेबल, एक खुर्ची आणि बोलण्यासाठी एक यंत्र. वकिलाशी थेट बोलण्याचा अधिकार हस्ताक्षर अधिकाऱ्याला होता, कारण जे कळत नाही ते विचारल्याशिवाय सही करू नये, हाच तर त्या नोकरीचा अर्थ.

"थांबण्याची मुदत पंधरा मिनिटं कुणी मागितली?" तिनं विचारलं.

"कुणीही मागितली नाही," वकील म्हणाला. त्याचं मराठी स्वच्छ होतं, आकाशवाणीवरच्या जुन्या निवेदकासारखं.

"मग दिली का?"

"मसुदा मान्य झाल्यानंतर समोरच्या पक्षाच्या समाधानासाठी न मागता एक लहानशी सवलत देण्याचा शिरस्ता आहे. त्यामुळे तह टिकण्याची शक्यता बरीच वाढते."

"कुणाचा शिरस्ता?"

"तुमचा," वकील म्हणाला.

त्याचं म्हणणं खरं होतं. त्या खुर्चीत बसल्या बसल्या हेमांगीला आईची मासळीची फळी आठवली.

तिची आई नांदखारच्या बाजारात मासळी विकायची. मासळी वजनावर विकत नाहीत, वाट्यावर विकतात. फळीवर बोंबलांचे, मांदेलीचे सारखे सारखे ढीग लावायचे, तो एकेक वाटा. गिऱ्हाईक घासाघीस करणार, आई रागावणार, दोनदा वाटा उचलून परत टोपलीत टाकण्याचं नाटक होणार, शेवटी सौदा ठरणार. आणि सगळं ठरल्यावर, पैसे हातात आल्यावर, आई टोपलीतला एक बोंबील उचलून गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकणार. हा एक वर. कुणी मागितलेला नसे. छोट्या हेमांगीनं एकदा विचारलं होतं, की फुकट कशाला देतेस? आई म्हणाली, माणूस आपल्या दारातून हरल्यासारखा जाता कामा नये, उद्या परत यायला हवा.

नैरोबीत दोन वर्षं त्यांना एकच काम असे, सराव-वाटाघाटी. कागदावरचे देश, कागदावरच्या नद्या, कागदावरची भांडणं. आज तू या देशाचा, उद्या त्या देशाची. पहिल्याच सत्रात हेमांगीनं सवयीनं आईचा हातखंडा वापरला. सगळं ठरल्यावर तिनं समोरच्याला एक छोटंसं बेट देऊन टाकलं. वर्ग अवाक झाला. प्राध्यापिका अचिएंग मात्र खुर्चीतून उठल्याच. त्या व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या. त्यांच्या बाजारातही मासळीवाली असंच करते आणि त्या वरच्या मासळीला न्योंगेझा म्हणतात, हे सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. हेमांगीचा प्रबंध त्याच विषयावर झाला. त्यात तिनं त्याला 'समापन-दान' असं भारदस्त नाव दिलं, कारण बोंबील या शब्दावर पदवी मिळत नाही. ज्या सरावांत शेवटी असं दान दिलं गेलं ते करार जास्त टिकले, हे तिनं आकड्यांनिशी दाखवलं. तिला वर्गात पहिला नंबर मिळाला.

विद्यापीठ चालत होतं ते त्या सरावांच्या नोंदींवर. वाटाघाटी करणारी यंत्रं बनवणारे त्या नोंदी विकत घेत आणि यंत्रांना त्यातून शिकवत. यात लपवाछपवी काही नव्हती. विद्यार्थ्यांना उलट अभिमान वाटे, की आपल्या बुद्धीवर उद्याची यंत्रं पोसली जाणार. हेमांगीलाही वाटला होता. एकदा तिनं आईला फोनवर सांगितलंही, की तुझा बोंबील आता जगभर जाणार. आई खूप वेळ हसत होती.

"ही सवलत लहान आहे हे कशावरून ठरवलं?" तिनं वकिलाला विचारलं.

"ओळखडबा चालू असलेल्या बोटीला हे कलम लागूच होत नाही. डबा चालू ठेवणं बोटीच्या हातात आहे. त्यामुळे या सवलतीची आपल्या बाजूला पडणारी किंमत जवळजवळ शून्य येते."

मग हेमांगीनं त्याला ते सांगितलं जे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घोळ मासळीचा थवा लागला की पहिलं काम डबा बंद करायचं. घोळीच्या पोटातल्या पिशवीला सोन्यासारखा भाव. डबा चालू राहिला तर आपण कुठं थांबलोय हे सगळ्यांना दिसतं आणि तासाभरात पन्नास बोटी येऊन उभ्या राहतात. त्यामुळे सगळेच बंद करतात. तिच्या भावानं केला होता. बापानं केला असता, पण त्याच्या काळी डबेच नव्हते. हे सगळं बोलताना तिचा आवाज चढला आणि मग तिलाच लाज वाटली, यंत्रावर काय ओरडायचं.

"नोंद घेतली," वकील म्हणाला. "परंतु नियम मोडणाऱ्यांचं नुकसान तहाच्या खर्चात धरलं जात नाही."

अय्याज हॉटेलच्या मागच्या हिरवळीवर बसला होता. हेमांगीनं त्याच्यासमोर मसुदा धरला आणि विचारलं, हे तू पाहिलंस का? त्यानं पाहिलं होतं. त्याचे वडील शिंपी, समुद्राशी त्याच्या घराचा काही संबंध नव्हता, पण त्यांच्याकडचे मच्छीमारही डबे बंद करतात हे त्याला माहीत होतं. गोळी दोन्हीकडून सुटणार होती.

"तुला आठवतं," तो म्हणाला, "वर्गात तुझ्यासमोर मी बसलो की शेवटच्या फेरीत काय करायचो?"

"काहीच नाही. गप्प बसायचास."

"कारण मला माहीत असायचं की तू काहीतरी देणार. अचिएंग बाईंनी मला संयमाचे गुण दिले. सफीर तेच करतो, हेमांगी. शेवटी काही मागत नाही. तह होत आला की नुसता थांबतो, आणि तुमचा वकील काहीतरी टाकतो."

दोघांना हसू आलं, आणि लगेच ते हसू विरलं. दोन देशांच्या वाटाघाटी म्हणून आठवडाभर जे चाललं होतं तो नैरोबीच्या वर्गातला त्यांच्या दोघांचा जुना खेळ होता. फरक एवढाच की आता बेटं खरी होती. हेमांगीला त्या क्षणी अचिएंग बाईंचा, स्वतःच्या पहिल्या नंबराचा, सगळ्याचा संताप आला. आईनं दिलेला बोंबील आईच्या टोपलीतला होता. तो गेला तर आईचं नुकसान, म्हणून ती बघून द्यायची, गिऱ्हाईक ओळखून द्यायची, कधी कधी देतही नसे. वर्गात हेमांगीनं कागदावरच्या देशांची बेटं वाटली होती, ज्यांच्यावर कुणी राहत नव्हतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातंय? यंत्र तिच्याकडून शिकलं ते नेमकं हेच.

सप्रे बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हेमांगीचं म्हणणं दोन वाक्यांत होतं: वकिलाची ती सवय काढून टाका, नाहीतर निदान या कलमापुरती बंद करा. ते शक्य नव्हतं. बोलणी चालू असताना यंत्राला हात लावायचा नाही हे दोन्ही देशांनी आधीच कबूल केलं होतं. कुणी हात लावला तर तह तिथंच रद्द. त्याला कारणही होतं. एरवी प्रत्येक मंत्र्यानं मध्येच येऊन आपापला स्क्रू पिळला असता. हस्ताक्षर अधिकाऱ्याला मात्र एक हक्क होता. कोणत्याही एका कलमावर तिला एकदाच हरकत घेता येई. मग यंत्रं पुन्हा बोलत, आणि जो दुसरा मसुदा येई तो शेवटचा. त्यावर सही करायची किंवा तह मोडायचा.

"मोडला तर कैदी?" हेमांगीनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"कैदी तिकडेच. आणि पट्ट्यात आज जे चालतं तेच चालू राहणार. आज ते लोक पंधरा मिनिटंही थांबत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. दगडापेक्षा वीट मऊ." मग त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "मी तुझ्या जागी असते तर हरकत घेतली नसती. पण मी तुझ्या जागी नाही."

हेमांगीनं हरकत घेतली. कारणं देताना तिनं जाळं, घोळ, डबा सगळं लिहिलं आणि शेवटी हेही लिहिलं, की या कलमावर पुन्हा सवलत देऊ नये. वकिलानं हरकत स्वीकारली, पण ते शेवटचं वाक्य परत केलं. हरकत कलमावर घेता येते, बोलणी करण्याच्या रीतीवर घेता येत नाही.

त्या संध्याकाळी कॅरम कुणी खेळलं नाही. पडद्यावर एकच नाव पिवळं होतं आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या भिंतीला टेकून ते बघत होती. दुपारी हलवा खाणारे लोक आता हेमांगीशी नजर टाळून बोलत होते. तिच्यापायी सगळं मोडेल की काय, ही भीती सगळ्यांच्या चेहऱ्यावर होती, आणि तीत काही वावगं नव्हतं. तिच्याही मनात हरेश्वर होता. तुरुंगात एखाद्या कोपऱ्यात बसून त्यानं आज काय खाल्लं असेल, याचा ती विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कलम हिरवं झालं. हेमांगीनं मसुदा उघडला आणि पहिल्यांदा तिला सुटल्यासारखं वाटलं. बंद झालेला विषय पुन्हा उघडायचा म्हणजे सफीरनं त्याची किंमत मागणारच, आणि त्यानं ती घेतली होती. गस्तीचा पट्टा आपल्या बाजूला रुंद झाला होता. तिनं नकाशा पाहिला. पट्ट्याच्या कडेनं तांबडी पाठ आत गेली होती. तांबडी पाठ म्हणजे पाण्याखालचा उंचवटा. नांदखारच्या बोटी घोळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या तिथंच जात. पण त्या बदल्यात चाळीस मिनिटं परत मिळाली होती. महाग पडलं, पण जीव वाचतील असं मनात म्हणत तिनं पान उलटलं.

पुढच्या पानावर, सगळं ठरून गेल्यानंतरच्या जागी, वकिलानं समोरच्यांच्या समाधानासाठी एक लहानशी सवलत दिली होती. शिरस्त्याप्रमाणे सगळ्यात स्वस्त जे होतं तेच त्यानं दिलं होतं. चाळीसची पुन्हा पंधरा केली होती.

हरकत घेतली नसती तर पंचवीस मिनिटं गेली असती. घेतली म्हणून पंचवीस मिनिटंही गेली आणि तांबडी पाठही गेली. शिकलेल्या माणसानं मध्ये पडून गावाचं एवढं भलं केलं होतं.

सह्या दुपारी झाल्या. छायाचित्रं काढली गेली. हेमांगीनं सही केली, कारण न करणं म्हणजे हरेश्वरला आणि त्याच्याबरोबरच्या सगळ्यांना आपल्या हातानं परत कोठडीत ढकलणं होतं. अक्षर नेहमीसारखं आलं. तिच्या नावाखाली अय्याजनं सही केली. बाहेर पडताना तो म्हणाला, की अचिएंग बाईंचा निरोप आलाय, पुढच्या वर्षीच्या वर्गाला हा तह नमुना म्हणून शिकवणार आहेत आणि आपण दोघांनी बोलायला यावं अशी त्यांची इच्छा आहे. हेमांगीनं विचारलं, तू जाणार? त्यानं खांदे उडवले. नोकरी म्हटलं की जावं लागतं, असं काहीसं तो पुटपुटला.

कैदी महिन्याभरात आले. नांदखारमध्ये जो जल्लोष झाला तसा गावानं कधी पाहिला नव्हता. बँड लावून हरेश्वरला आणि बाकीच्यांना बंदरापासून देवळापर्यंत आणलं. तो निम्मा झाला होता आणि दाढी पांढरी झाली होती, पण नाचला. मच्छीमार सोसायटीनं हेमांगीला शाल आणि नारळ दिला. चेअरमन भाषणात म्हणाले, की आपली पोर तिथं बसली होती म्हणून आपली माणसं घरी आली. बायकांनी तिची दृष्ट काढून बोटं मोडली. हेमांगी दोन शब्द बोलायला उभी राहिली तेव्हा तिनं पट्ट्याचं, पंधरा मिनिटांचं, तांबड्या पाठीचं सगळं सांगितलं, एकदा नाही, दोनदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँडवाल्यांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

हरेश्वरला घरात बसवेना. जप्त झालेली बोट काही परत मिळाली नव्हती. त्यानं मामाची जुनी बोट घेतली, तिला रंग दिला, खलाशी जमवले. घोळीचे दिवस जवळ आले होते. आईनं त्याला अडवलं नाही. कोळ्याचा पोर समुद्रावर जाणार नाही तर जाणार कुठं?

ज्या सकाळी तो निघणार होता त्या सकाळी हेमांगी मुद्दाम मुंबईहून आली. तो किनाऱ्यावर जाळं तपासत बसला होता. ती त्याच्या शेजारी वाळूत बसली आणि सगळं पुन्हा सांगू लागली, या वेळी बँडशिवाय. तो हातातलं काम न थांबवता ऐकत होता.

"दादूस, पाठीवर जाऊ नको. आणि गेलास तर डबा चालू ठेव. काही झालं तरी."

"पाठीवर नाय जायाचं तर घोळ कुठं हाय? नि डबा चालू ठेवला तर सगला गाव मागं येल." तो समजूत घातल्यासारखं बोलत होता. "पंधरा मिनिटांत अर्धं जालं पण वर येत नाय, हेमू. तुला म्हायती हाय ना?"

"माहीत आहे."

"कापून पलायचं म्हनतेस?"

"हो. कापून पळ."

त्यानं हातातल्या जाळ्याकडे बघितलं. मामाचं जाळं, उसनं घेतलेलं. ते तो कापणार नाही हे हेमांगीला कळत होतं, आणि तिला कळतंय हे त्यालाही कळत होतं. त्यानं मान वर केली. त्याच्या नजरेत राग नव्हता. चार वर्षांत त्याचा राग कुठंतरी सांडून गेला होता. त्याला खरंच ते समजून घ्यायचं होतं, लहानपणी तो तिला पाढे विचारायचा त्याच आवाजात त्यानं विचारलं.

"तू होतीस ना तिथं?"

"होते."

"तू सरकारची." तो बोट दुमडत म्हणाला. "तो तुजा दोस्त, तो त्यांचा. ते मशिन तुमचं, दुसरं मशिन त्यांचं." दुमडलेल्या बोटांकडे तो बघत राहिला, एक बोट अजून सरळ होतं. "मंग आमचं कोन होतं गो तिथं?"